'ग्लोरिऑसिटी' असा शब्द का नाही? ॲरोनॉफ यांचं १९७६चं पुस्तक आज वाचताना

माझा पहिला इंग्रजी शोधनिबंध मी एका नियतकालिकाकडे पाठवला, तेव्हा त्यात दोन शब्द जाणूनबुजून वेगळे वापरले होते. जोडशब्दाचा अर्थ त्याच्या घटकांवरून लागत नाही, या सैद्धांतिक गुणधर्माला मी 'ओपॅसिटी' म्हटलं होतं. आणि वाचकांना एखादा शब्द किती अपारदर्शक वाटला, याचे जे गुण त्यांनी एक ते सात या पट्टीवर दिले, त्याला 'ओपेकनेस'. परीक्षकांचा शेरा आला: 'ओपेकनेस' असा शब्द इंग्रजीत नाही, 'ओपॅसिटी' लिहा.

मी निमूटपणे सगळीकडे बदल केला. शब्दकोश उघडून बघायचंही सुचलं नाही (शब्दकोशात तो आहे). निबंध छापून आला. आता त्यात एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी आहे, आणि मी नक्की काय मोजलं हे वाचणाऱ्याला दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही.

'असा शब्द नाही' या वाक्याचा अर्थ काय, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. तो पडला नंतर, मार्क ॲरोनॉफ यांचं 'वर्ड फॉर्मेशन इन जनरेटिव्ह ग्रामर' वाचताना. आज त्याच पुस्तकाबद्दल लिहितो आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ते वाचावं असं मला वाटतं. पण कसं वाचावं, हे सांगणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्यातला सर्वांत प्रसिद्ध युक्तिवाद अर्धा भक्कम आहे आणि अर्धा ठिसूळ.

आधी थोडी पार्श्वभूमी

शाळेत आपण काय शिकलो? विशेषणाला '-नेस' किंवा '-इटी' लावलं की भाववाचक नाम तयार होतं. 'काइंड'चं 'काइंडनेस', 'प्युअर'चं 'प्युरिटी'. व्याकरणाच्या पुस्तकात दोन रकाने, आणि पाठ करा. कुठल्या विशेषणाला कुठला प्रत्यय लागतो याचं कारण कोणी सांगत नाही.

कारणाचा एक भाग इतिहासात आहे. '-नेस' हा इंग्रजीचा घरचा प्रत्यय, जुन्या इंग्रजीपासूनचा. '-इटी' मूळचा लॅटिन. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा आला त्यातून तो इंग्रजीत शिरला. म्हणून '-इटी' मुख्यतः लॅटिन-फ्रेंच वळणाच्या विशेषणांना लागतो, आणि '-नेस' जवळपास कशालाही. मराठीत '-पणा' आणि '-ता' यांचं नातं साधारण असंच आहे. '-ता' संस्कृत शब्दांशी जुळतो: उदारता, नम्रता. '-पणा' मात्र 'बावळट'लाही लागतो आणि 'उदार'लाही.

दुसरा फरक उच्चाराचा. '-नेस' मूळ शब्दाला हात लावत नाही. '-इटी' मात्र शब्द हलवून सोडतो. 'क्युरियस'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो, 'क्युरिऑसिटी'त तो पुढे सरकतो. 'इलेक्ट्रिक'मधल्या क-चा 'इलेक्ट्रिसिटी'त स होतो. 'सेन'चं 'सॅनिटी' होताना स्वर बदलतो. आणि कहर म्हणजे 'व्हेरियस'चं 'व्हरायटी' होताना मधला '-अस' गळून पडतो, पण 'क्युरियस'चं 'क्युरिऑसिटी' होताना तो टिकतो. कुठे गळेल आणि कुठे टिकेल, हे आधी सांगता येत नाही.

ॲरोनॉफ यांचा युक्तिवाद

१९७४ साली एमआयटीत सादर केलेल्या प्रबंधातून हे पुस्तक आलं. तोवर चॉम्स्की परंपरेतल्या व्याकरणात वाक्यरचना आणि ध्वनी यांनाच मान होता. शब्द कसे तयार होतात हा विषय कोपऱ्यात पडलेला. ॲरोनॉफ यांनी तो स्वतंत्र विषय म्हणून उभा केला. त्यातलं उत्पादकतेवरचं प्रकरण आपल्या कामाचं. उत्पादकता म्हणजे एखाद्या प्रत्ययाने नवे शब्द किती सहज तयार होतात ते.

आता हा नमुना बघा. शेवटी '-अस' असलेली विशेषणं घ्या. 'क्युरियस'पासून 'क्युरिऑसिटी' होतं. 'ग्लोरियस'पासून 'ग्लोरिऑसिटी' होत नाही. 'फ्युरियस'पासून 'फ्युरिऑसिटी' नाही, 'ग्रेशस'पासून 'ग्रेशिऑसिटी' नाही. पण 'ग्लोरियसनेस', 'फ्युरियसनेस', 'ग्रेशसनेस' हे तिन्ही चालतात. असं का?

ॲरोनॉफ म्हणतात, 'ग्लोरी', 'फ्युरी', 'ग्रेस' ही नामं आधीच हजर आहेत. आपल्या मनातल्या शब्दसाठ्यात एका धातूसाठी एका अर्थाची एकच जागा असते. 'ग्लोरी' तिथे बसलेली आहे, म्हणून 'ग्लोरिऑसिटी'ला जागा नाही. 'क्युरियस'च्या बाबतीत तसं आधीचं नाम नाही, म्हणून 'क्युरिऑसिटी'ला वाट मोकळी. या प्रकाराला त्यांनी 'ब्लॉकिंग' म्हटलं; आपण अडवणूक म्हणू.

मग 'ग्लोरियसनेस'ची अडवणूक का होत नाही? युक्तिवादाचा सर्वांत सुंदर भाग इथे आहे. त्यांच्या मते '-नेस'ने बनलेले शब्द साठ्यात ठेवलेच जात नाहीत. ते गरजेनुसार ताजे तयार होतात, जसं आपण वाक्य तयार करतो. त्यांना जागा लागतच नाही, तर अडवणार कोण? याउलट '-इटी'चे शब्द साठ्यात ठेवावे लागतात, कारण त्यांचं रूप आणि अर्थ दोन्ही बेभरवशाचे.

रूपाबद्दल वर पाहिलंच. अर्थाचं बघा. 'व्हेरियसनेस' म्हणजे फक्त विविध असणं. 'व्हरायटी' म्हणजे विविधता, शिवाय एखादा प्रकार, शिवाय टोमॅटोचं वाण, शिवाय गाण्या-नकलांचा कार्यक्रम. 'ऑडनेस' म्हणजे विचित्रपणा. 'ऑडिटी' म्हणजे विचित्र वस्तू किंवा माणूससुद्धा. 'इनॉर्मिटी'चा अर्थ प्रचंडपणा की घोर दुष्कृत्य, यावर इंग्रजीचे शुद्धिवादी अजून भांडतात. 'इनॉर्मसनेस'वर कोणी भांडत नाही. आपल्याकडे येऊनही '-इटी'चे शब्द शांत बसलेले नाहीत. 'गेटवरच्या सिक्युरिटीला विचार' म्हणताना आपण सुरक्षितता या भावाला नाही, खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारायला सांगतो.

जे भक्कम आहे

या युक्तिवादावर पहिला आक्षेप लगेच सुचतो. '-इटी'चे शब्द साठ्यात आहेत हे कशावरून? तर त्यांची अडवणूक होते. अडवणूक का होते? तर ते साठ्यात आहेत. हे वर्तुळ झालं की! मीही पहिल्या वाचनात समासात तसंच लिहिलं होतं.

पण हा आक्षेप पूर्ण खरा नाही. '-इटी'चे शब्द साठ्यात आहेत याचा स्वतंत्र पुरावा ॲरोनॉफ देतात: अर्थ घसरतो, आणि '-अस' कुठे गळेल हे नियमाने सांगता येत नाही. जे नियमाने सांगता येत नाही ते पाठच असलं पाहिजे. म्हणजे दोन वेगवेगळ्या दिशांनी आलेला पुरावा एका ठिकाणी मिळतो. युक्तिवाद असा बांधायचा असतो. प्रबंधात एखादं गृहीतक मांडाल तेव्हा, ज्या घटनेसाठी ते मांडलं ती सोडून दुसऱ्या कशावरून ते तपासता येतं का, एवढं स्वतःला विचारा.

दुसरी भक्कम गोष्ट म्हणजे उत्पादकता मूळ शब्दाच्या वर्गानुसार मोजायची, हा आग्रह. '-नेस उत्पादक आहे, -इटी नाही' असं सरसकट म्हणणं चूक. '-अस'वाल्या विशेषणांत '-नेस' वरचढ आहे; पण 'सर्व्हाइल', 'फर्टाइल' अशा '-आइल'वाल्या शब्दांत '-इटी'. प्रश्न बारीक केला तरच उत्तर मिळतं, याचा हा नमुना.

जे ठिसूळ आहे

पहिली अडचण फुलीची. भाषाविज्ञानात न चालणाऱ्या रूपापुढे तारकाचिन्ह लावतात. 'ग्लोरिऑसिटी'पुढे ती लावली आहे. कोणी लावली? लेखकाने, स्वतःच्या भाषिक जाणिवेवरून. 'फ्युरिऑसिटी'वरही तशीच फुली. पण 'फ्युरिऑसिटी' हा शब्द इंग्रजीत होता: स्कॉटलंडच्या कायद्यात तो वेडासाठीचा पारिभाषिक शब्द होता, आणि कायद्याच्या कोशांत तो आजही सापडतो.

याने ॲरोनॉफ खोटे ठरतात का? नाही ठरत. ते आजच्या बोलणाऱ्याच्या मनाबद्दल बोलत आहेत, जुन्या कायदेपंडितांच्या नाही. उलट, 'फ्युरी'पेक्षा वेगळा अर्थ मिळाला म्हणून 'फ्युरिऑसिटी' तगली, हे 'एका अर्थाची एक जागा' या त्यांच्या कल्पनेला धरूनच आहे. पण फुलीचा अर्थ मात्र बदलतो. 'असा शब्द नाही' म्हणजे 'मला, आत्ता, या अर्थाने हा शब्द नको वाटतो'. हे निरीक्षण उपयोगी आहे, पण ते एका माणसाचं आहे. माझ्या परीक्षकांनी 'ओपेकनेस'वर मारलेली फुली याच जातीची होती.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. '-नेस'चे शब्द साठ्यात नसतात, हा दावा मला टिकणारा वाटत नाही. त्यांच्याच कसोटीने बघू: अर्थ घसरला, तर शब्द पाठ आहे. मग 'बिझनेस'चं काय? तो 'बिझी' अधिक '-नेस'च आहे. आज त्याचा अर्थ धंदा, आणि उच्चारातूनही मूळ शब्द ओळखू येत नाही. इतका की 'व्यग्र असणं' म्हणायची वेळ आली तेव्हा इंग्रजीने 'बिझीनेस' असा वेगळा शब्द पुन्हा घडवला. 'इलनेस' म्हणजे आजारी असणं, आणि एक आजारही. 'विटनेस' म्हणजे साक्षीदार माणूस. राजघराण्यातल्या व्यक्तीला 'हायनेस' म्हणतात ते उंचीमुळे नाही. ही किरकोळ अपवादांची यादी म्हणता येईल, पण यातले बरेचसे शब्द रोजच्या वापरातले आहेत, आणि तेच महत्त्वाचं.

आपल्या '-पणा'चंही तेच. कोणत्याही विशेषणाला लागणारा, अत्यंत उत्पादक प्रत्यय. तरीही 'शहाणपण' वेगळं आणि 'शहाणपणा' वेगळा. आजीकडे शहाणपण असतं. 'जास्त शहाणपणा करू नकोस' हे नातवाला ऐकावं लागतं. 'गरिबी' खिशाची, 'गरीबपणा' स्वभावाचा. हे कुठल्याही नियमाने काढता येत नाही. पाठच असावं लागतं.

म्हणजे साठा आणि नियम यांच्यातली रेघ ॲरोनॉफ यांनी प्रत्ययांच्या मध्ये ओढली: '-इटी' या बाजूला, '-नेस' त्या बाजूला. माझ्या मते ती रेघ शब्दाशब्दांतून जाते. वारंवार वापरला जाणारा शब्द, मग त्याचा प्रत्यय कुठलाही असो, साठ्यात जातो आणि स्वतःचा संसार थाटतो. क्वचित लागणारा शब्द गरजेपुरता घडवला जातो. '-नेस'चे बहुतेक शब्द क्वचित लागणारे असतात, म्हणून सगळेच नियमाने घडतात असं दिसतं. दिसणं बरोबर होतं; त्याचं कारण प्रत्ययाच्या स्वभावात शोधलं, तिथे चूक झाली. आणि गंमत म्हणजे, उत्पादकता वर्गानुसार बदलते असं सांगून ॲरोनॉफ यांनी या रेघेला स्वतःच पहिला तडा दिला होता. '-एबल'वाल्या विशेषणांना '-इटी' इतक्या नियमाने लागतो ('रीडेबिलिटी', 'युजेबिलिटी', हवी तेवढी करा) की त्या वर्गातला प्रत्येक शब्द पाठ आहे असं मानायला काही आधार राहत नाही.

पुढच्यांनी काय केलं

या पुस्तकावरची सर्वांत चांगली टीका ते नाकारणाऱ्यांनी केलेली नाही. त्यातला प्रश्न मोजता येईल असा करणाऱ्यांनी केली आहे.

एलिझाबेथ रिडल यांनी १९८५मध्ये इतिहास तपासून असं सुचवलं की दोन्ही प्रत्ययांचा अर्थच हळूहळू वेगळा होत गेला. '-नेस' एखाद्यात वसलेला गुण दाखवतो, '-इटी' स्वतंत्र अशी वस्तू किंवा संकल्पना. हे वाचून मी कपाळावर हात मारला. वाचकाला जाणवलेला अपारदर्शकपणा आणि सिद्धांतातली अपारदर्शकता, हाच तर माझा फरक होता!

हॅराल्ड बायन आणि रोशेल लीबर यांनी १९९१मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख शब्दांच्या कॉर्पसवर मोजणी केली. युक्ती साधी आहे. संपूर्ण कॉर्पसमध्ये एकदाच आलेले शब्द मोजायचे, आणि त्या प्रत्ययाच्या एकूण वापरांच्या संख्येने भागायचं. एकदाच आलेल्या शब्दांत ताजे घडवलेले शब्द जास्त असण्याची शक्यता असते, म्हणून हा भागाकार उत्पादकतेचा अंदाज देतो. '-इटी'चे शब्द एकूण वापरात पुष्कळ. पण एकदाच येणारे '-नेस'चे कितीतरी जास्त. ॲरोनॉफ यांची जाणीव खरी निघाली, फक्त 'हो-नाही'च्या जागी कमी-जास्त आलं, आणि रेघेच्या जागी उतार.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे २०२५. व्हॅलेंटिन हॉफमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात '-नेस' आणि '-इटी'वरच एक निबंध लिहिला, पण माणसांच्या जागी संगणकी भाषा-प्रारूप घेऊन. प्रारूपाला खोटी, बनवलेली विशेषणं दिली आणि कुठला प्रत्यय लावतं ते पाहिलं. '-एबल' आणि '-इश'सारख्या नियमित वर्गांत नियम आणि सादृश्य या दोन्हींनी उत्तर सारखंच जुळतं. '-इव्ह' आणि '-अस'सारख्या डळमळीत वर्गांत मात्र, प्रारूप साठवलेल्या शब्दांशी साम्य पाहून चालतं असं मानलं तरच ते नीट जुळतं. शिवाय एखादा शब्द किती वेळा वाचला याचा प्रारूपावर जो प्रभाव दिसतो, तसा माणसांत दिसत नाही. माणसं शब्दांच्या प्रकारांवरून बेतताना दिसतात, त्यांच्या पुनरावृत्तीवरून नाही.

हा शेवटचा निष्कर्ष माझ्याही टीकेला लगाम घालतो. वारंवारतेने शब्द साठ्यात जातो असं मी वर म्हटलं. पण नवा शब्द घडवताना त्या वारंवारतेचं वजन माणूस तेवढं पुढे नेत नसेल, तर साठ्यापेक्षा वेगळं असं काहीतरी, नियमासारखं, मनात आहेच. म्हणजे ॲरोनॉफ यांची रेघ चुकीच्या जागी असली, तरी 'रेघच नाही' म्हणायची घाई करू नये.

तुमच्यासाठी

पुस्तक लहान आहे, दीडशेपेक्षा कमी पानांचं. वाचताना एक कागद सोबत ठेवा आणि तीन रकाने करा: दावा काय, पुरावा काय, आणि काय सापडलं तर दावा कोसळेल. तिसरा रकाना ज्या ठिकाणी भरता येत नाही तिथे खूण करा. तिथेच बहुधा तुमचा प्रश्न असतो. 'बिझनेस' मला त्या तिसऱ्या रकान्यात सापडला.

आणि दुसरं. कोणी, अगदी परीक्षकांनीही, 'असा शब्द नाही' म्हटलं तर तीन प्रश्न विचारा. कोणाच्या भाषेत नाही? कुठल्या अर्थाने नाही? आणि हे तपासलं कशावरून? कदाचित त्यांचं बरोबर निघेल. माझ्या बाबतीत निघालं असतं तर मी 'ओपॅसिटी' ठेवून दुसऱ्या अर्थासाठी दुसरा शब्द शोधला असता. मी प्रश्नच विचारला नाही, आणि फरकच हरवून बसलो.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात 'ओपेकनेस' परत आणला आहे. पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात व्याख्या दिली आहे, आणि 'ओपॅसिटी' का चालणार नाही हे त्याच्या पुढच्या वाक्यात. मार्गदर्शकांनी त्या दोन्ही वाक्यांखाली रेघ ओढून बाजूला लिहिलं: 'हे आधी का नाही केलं?'